आठ बाय दहाची शेतकरीण

जया घोरमारेला बावन्नाव्या वर्षी माती मिळाली. आठ फूट रुंद, दहा फूट लांब, बेसा भागातल्या नव्या रो-हाऊसच्या फाटकापासून पायरीपर्यंत. ताबा मिळाला त्या दिवशी घरातले सगळे वर होते. कोणी पंखे लावून बघत होतं, कोणी नळ सोडून. जया खालीच राहिली, चपला काढून मातीत. नवऱ्यानं, सुमंतनं, वरच्या खिडकीतून विचारलं, खाली काय करून राहिली, तर ती म्हणाली, "उभी आहो."

अर्धा तास ती नुसती उभी होती. अंगठ्यानं थोडी माती उकरली, परत दाबली. एकदा इकडंतिकडं बघून चिमूटभर जिभेवरही ठेवली, पण ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

तिचं माहेर इतवारीतलं. भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, खाली दिवसभर पितळेचा ठणठणाट, आणि साऱ्या इमारतीत माती म्हणाल तर तुळशीच्या एका डब्यात. त्या तुळशीला पाच बिऱ्हाडं पाणी घालत, त्यामुळं ती दरवर्षी बुडून मरे. काटोलकडच्या घोरमाऱ्यांचं स्थळ आलं, बावीस एकर शेत आहे म्हणाले, तेव्हा जयानं मुलाचा फोटो नीट बघितलाही नाही. बावीस एकरांचा हिशेब ती तुळशीच्या डब्यांत करत बसली होती.

लग्नानंतर कळलं की मुलानं शेताला कधीच रामराम ठोकला आहे. सुमंत सदरमधल्या विमा कचेरीत लागला होता आणि चिखलात पुन्हा पाय घालणार नाही असं त्यानं बारावीच्या निकालाच्या दिवशीच जाहीर केलं होतं. मग सत्तावीस वर्षं भाड्याचे तिसरे मजले. सुट्टीत गावी गेलं तरी सासू तिला शेतात फिरकू देत नसे. इतवारीची पोरगी, ऊन लागलं तर दवाखाना आपल्यालेच, असं तिचं म्हणणं. जया आपली बांधापर्यंत डबा घेऊन जायची आणि परत यायची. घरी गॅलरीत कुंड्या होत्या, पण कुंडीला पाणी घातलं की ते खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडे. सत्तावीस वर्षांत तिची चार घरमालकिणींशी भांडणं झाली आणि चारही पाण्यावरून झाली.

आता ऐंशी चौरस फूट. खाली कोणी नाही. पाणी कितीही घाला, पाताळात जाईल.

दिवाळीत मुलानं, ऋषिकेशनं, गाडी घेतली. पांढरी, चकचकीत, फाटकाबाहेर रस्त्यावर उभी. पहिल्याच आठवड्यात कॉलनीतली तीन कुत्री तिच्या टपावर झोपायला लागली. ऋषिकेश सव्वीस वर्षांचा, घरूनच संगणकावर काम करायचा, खिडकीतून त्याला कुत्री दिसायची आणि त्याचं कामात लक्ष लागायचं नाही. एका सकाळी एक माणूस टेप घेऊन आला आणि जयाच्या मातीची लांबी-रुंदी मोजायला लागला. गाडी आत घ्यायला गट्टू बसवायचे आहेत म्हणाला. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे लाल-पिवळे ठोकळे, नागपुरात ज्याच्या दारात जागा तो ते बसवून मोकळा होतो.

जयानं त्या माणसाला चहा पाजला आणि घालवून दिलं. मग तिनं कधी नव्हे ते जेवायच्या वेळी वाढणं थांबवलं. भाकरीचं टोपलं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तिला एक पीक हवं होतं. फक्त एक. त्यानंतर काय ते करा.

सुमंतनं बराच खल करून अट घातली. घोरमाऱ्यांच्या घरात दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळं खानदान सांबारवडीला जमतं, दरवर्षी वेगळ्या भावाकडं. यंदा पाळी यांची, नव्या घरात, तीस माणसं. त्या वड्यांना लागणारा सगळा सांबार याच मातीतून निघाला पाहिजे. चांगला पाच किलो, निवडलेला. एक जुडी जरी बाजारातून आणावी लागली तर सोमवारी गट्टू. (सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडं भाजीवाल्याला कोथिंबीर मागितली तर तो पुण्याचे पाहुणे कधी आले असं विचारतो.)

"कबूल," जया म्हणाली आणि भाकरी वाढायला घेतली.

दारातल्या खुर्चीत बसलेले बापूजी, तिचे सासरे, हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. बापूजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सासू गेल्यावर दोन वर्षांपूर्वी शेत थोरल्याच्या ताब्यात देऊन ते नागपूरला आले होते आणि करायला काही नसल्यानं दिवसभर रस्त्याकडं बघत बसायचे. ते म्हणाले, "याले शेत म्हणता तं आमच्या खळ्याले जिल्हा म्हणा लागन."

दुसऱ्या दिवशी जया कॉटन मार्केटजवळच्या कृषी केंद्रात गेली. दाणेदार खत पाहिजे म्हणाली. दुकानदारानं वही उघडून किती एकर विचारलं. आठ बाय दहा, ती म्हणाली. आठ बाय दहा काय? फूट. दुकानदारानं वही मिटली, आतून भागीदाराला बोलावलं आणि बाईला पुन्हा एकदा सांगायची विनंती केली. जयानं पुन्हा सांगितलं, तितक्याच अभिमानानं. त्यांनी तिला फळीवरची किलोची घरगुती पिशवी दिली. आत साबुदाण्याएवढे राखाडी-गुलाबी दाणे. येताना बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर धरली होती आणि मधूनमधून ती हलवून आवाज ऐकत होती.

पिशवीच्या पाठीवर बारीक अक्षरात सगळं लिहिलं होतं, पण ते वाचायला सिस्टर लागल्या. सिस्टर म्हणजे शेजारच्या सत्यवती गजभिये. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन एकट्या राहायच्या, आणि त्यांच्या दारात आधीच गट्टू बसले होते. चष्मा पुसून त्यांनी पिशवी औषधाच्या बाटलीसारखी उजेडात धरली. चौरस फुटाला सपाट एक चहाचा चमचा पेरणीआधी, आणि महिन्यानं अर्धा चमचा. सपाट म्हणजे सपाट, त्यांनी बजावलं. जास्त दिलं तर जास्त वाढतं असं खताचंही नसतं आणि इंजेक्शनचंही नसतं.

पण चौरस फूट मातीवर कसा ओळखायचा? जयानं ते रात्रभर डोक्यात घोळवलं आणि पहाटे तिला सुचलं तेव्हा ती अंथरुणात उठून बसली. रांगोळी. माती तिनं आधीच वीतभर खोल खणून, ढेकळं फोडून, शेणखत मिसळून ठेवली होती. आता फूटपट्टी घेऊन तिनं फूटफूट अंतरावर रांगोळीचे ठिपके मांडले, आठ बाय दहा. येणारेजाणारे फाटकाशी थांबून कोणती रांगोळी आहे विचारत होते. ती म्हणायची, धन्याची. प्रत्येक ठिपक्यावर सपाट चमचा खत, बोटांनी भोवती पसरलेलं. ऐंशी ठिपके, ऐंशी चमचे. मग दाताळं घेऊन तिनं ते वरच्या चार बोटं मातीत कालवलं, वरण-भात कालवावा तसं, कुठं गोळा राहू न देता. हलकं पाणी मारलं. दोन दिवस थांबली. हे थांबणं तिला सगळ्यात जड गेलं.

धने तिनं चपलेखाली रगडून दोन-दोन तुकडे केले, रात्रभर भिजवले आणि ओळींत पेरले. थंडी पडली होती, धने काही उगवेनात. दहा दिवस ती सकाळी आंघोळीच्या आधी पोटावर पडून मातीच्या पातळीवर डोळा लावून बघायची. अकराव्या दिवशी एक हिरवं टोक दिसलं. तिनं साऱ्या घराला उठवलं. ऋषिकेश ब्रश तोंडात घेऊन आला, बघून म्हणाला, आई, हे तं गवत आहे. गवतच होतं. पण बाराव्या दिवशी खरंच सांबार होता, आणि पंधराव्या दिवशी तो ओळींत दिसायला लागला, आणि विसाव्या दिवशी फाटक उघडलं की वास यायला लागला. जया त्या काळात स्वयंपाक करताना स्वतःशीच हसायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. कोणी बोललं तर ती म्हणायची, आज पानं तीन-तीन झाली.

महिना भरला. दुसऱ्या खताची वेळ. सिस्टरनी सांगून ठेवलं होतं, पानावर दव असताना खताला हात लावू नको. ओल्या पानावर दाणा चिकटतो, विरघळतो, आणि जिथं चिकटतो तिथं पान जाळतो. म्हणून शनिवारी जयानं अकरापर्यंत वाट पाहिली. उन्हानं दव उडालं, पानं हाताला कोरडी लागली, खालची माती मात्र आदल्या दिवशीच्या पाण्यानं ओलसर होती. मग ती ओळींच्या मधून चवड्यांवर बसून सरकत गेली. देठापासून दोन बोटं लांब, ओळीच्या मधोमध, प्रत्येक फुटाला अर्धा चमचा. खुरप्यानं ते मातीत खाजवून घेतलं आणि वरून झारीनं पाणी दिलं, म्हणजे दाणे विरघळून मुळाशी जातील. पानावर उडालेले चारदोन दाणे तिनं बोटानं टिचक्या मारून खाली पाडले. दीड तास लागला. उठताना गुडघ्यातून आवाज आला. उरलेलं खत घट्ट झाकणाच्या डब्यात भरून तिनं मोरीवरच्या फळीवर ठेवलं, कारण हवा लागली की दाणे घामेजून गोळा होतात, गुळासारखे.

रविवारी ती भावाकडं इतवारीत गेली आणि सोमवारी रात्री परतली. भावजयीला तिनं दीड तास खताबद्दल सांगितलं. भावजय म्हणाली, वन्सं, तुम्ही प्रेमात पडल्या काय.

मंगळवारी सकाळी पानांच्या कडा जळल्या होत्या.

जया आधी चष्मा पुसून आली. मग पुन्हा वाकली. कडा तपकिरी, काही पानांवर गोल डाग, सिगरेटचा चटका दिल्यासारखे. फाटकाजवळ तर आख्ख्या ओळी मान टाकून होत्या. आणि पानांच्या बेचक्यात, देठांच्या बुडाशी, ओळींत, ओळींबाहेर, सगळीकडं दाणे. तिनं शनिवारी घातलेले तर विरघळून मातीत गेले होते. हे दाणे नवे होते.

ती मोरीत गेली आणि डबा उघडला. साखरेचा डबा कोणी चमचाभर उपसला तरी ज्या बाईला कळतं तिला खताचा डबा कळायला वेळ लागला नाही. अर्धा रिकामा होता.

सुमंत पोहे खात होता. जया त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. घरात गट्टू कोणाला हवे होते, अट कोणी घातली होती, फळीवर हात कोणाचा पोचत होता, हे सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं. ती ओरडली नाही. आवाज इतका खाली आला की ऋषिकेश खोलीतून बाहेर आला.

"तुम्हाले गट्टूच पाहिजे होते तं मले तोंडानं सांगायचं होतं. मी दिले असते बसवू. वाढलेल्या पिकाले जाळायचं काहून?"

सुमंतचा चमचा तिथंच थांबला. त्यानं जळालं काय विचारलं, आणि ज्या घाईनं तो उठून दाराकडं गेला त्यात काहीतरी जयाच्या हिशेबाबाहेरचं होतं. तो मातीशी उकिडवा बसला. पान हातात घेतलं, उलटं केलं, बोटानं चोळलं. जयानं त्याला असं बसलेलं सत्तावीस वर्षांत बघितलं नव्हतं. मग तो खाली बघतच बोलला, की रविवारी ती इतवारीला गेल्यावर, बापूजी दुपारचे आत लवंडले असताना, तो सहज फाटकात उभा होता. पानं त्याला फिकी वाटली. लहानपणी कपाशी अशी फिकी पडली की बापूजी मूठभर द्यायचे आणि चार दिवसांत शेत काळंभोर व्हायचं. त्याला वाटलं, जिंकू दे बिचारीले. तिनं शनिवारी दिलं होतं हे त्याला माहीतच नव्हतं, तो तेव्हा कचेरीत होता. "थोडंसंच टाकलं वं," तो म्हणाला. "हात शिवशिवला."

दारातल्या खुर्चीतून आवाज आला.

"तू बी टाकलं काय गा?"

सगळे वळले. बापूजींनी टोपी काढून हातात घेतली होती. ते गुन्हेगारासारखे दिसण्याचा प्रयत्न करत होते, पण तो चेहरा त्यांना सवयीचा नव्हता. हळूहळू निघालं ते असं, की दिवाळीनंतर थोरला भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडून गावच्या बॅगेतलं अर्धा किलो खत धोतराच्या फडक्यात मागवून घेतलं होतं आणि ते उशीखाली होतं. सोमवारी पहाटे, सगळे झोपेत असताना, ते खाली गेले. पंचेचाळीस वर्षांची सवय. फडकं कमरेला बांधलं, मूठ भरली, उजवा पाय पुढं टाकला आणि फेकलं. दुसरी मूठ, डावा पाय. चौथ्या पावलाला पायरी आली. शेत संपलं होतं आणि खत शिल्लक होतं, म्हणून ते फाटकाशी परत गेले आणि पुन्हा एकदा पायरीपर्यंत आले.

"दवात?" जयानं विचारलं.

"पहाटेच तं टाकतात."

"बापूजी, तुम्ही पेरायच्या आधी टाकत होते. रिकाम्या वावरात. हा उभा सांबार आहे."

बापूजींनी यावर विचार केला आणि टोपी पुन्हा घातली. सूनबाई बरोबर बोलून राहिली, असं ते सुमंतला म्हणाले, जणू चूक त्याचीच होती.

म्हणजे तीन हात. ज्या घरात सासू एकदा आणि सून एकदा मीठ घालते त्या घरची भाजी जयानं खूप खाल्ली होती. पण इथं मीठ घालायला सासरा आणि नवरा आले होते, आणि दोघंही तिला जिंकवायला आले होते. तिला रडावं असं वाटत होतं आणि पोटातून हसू वर येत होतं. शेवटी हसूच आलं, आणि ते थांबेना. ती पायरीवर बसली, पदर तोंडात कोंबला, तरी थांबेना. ऋषिकेशनं पाणी आणून दिलं.

तेवढ्यात सिस्टर कठड्यावरून डोकावल्या. त्यांच्या गट्टूंवरही सोमवारपासून राखाडी दाणे पडले होते आणि कोणी मुंग्यांचं औषध टाकलं काय म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. हकिकत ऐकली तेव्हा त्यांच्यातली नर्स जागी झाली. गोळ्या जास्त खाल्लेल्या माणसाचं पोट धुतात तसंच करायचं, त्या म्हणाल्या. पण पाणी आत्ता नाही घालायचं. आधी जेवढे दाणे वर दिसतात तेवढे उचलायचे, नाहीतर पाण्यासोबत तेही मुळाशी जातील. मग भरपूर पाणी, सावकाश, म्हणजे आतलं मीठ मुळांच्या खाली उतरेल. जळालेली पानं खुडायची. आणि आता या जमिनीला कोणी, त्यांनी बापूजींकडं बघितलं, कोणीही, काहीही द्यायचं नाही.

सुमंतनं कचेरीत पोट बिघडल्याचं कळवलं. ऋषिकेशनं संगणक बंद केला. जयानं चार ताटं आणि चार वाट्या काढल्या, पाचवी जोडी सिस्टर घरून घेऊन आल्या. चार माणसं ऐंशी चौरस फुटांत ओळींच्या मधे पाट टाकून बसली, तांदूळ निवडायला बसल्यासारखी. दाणा चिमटीत धरायचा, वाटीत टाकायचा. काही दवानं फुगून मऊ झाले होते, ते बोटात फुटायचे. सुमंतला जवळचं दिसत नव्हतं आणि तो खडेच जास्त उचलत होता. सिस्टर दर थोड्या वेळानं त्याची वाटी तपासून खडे परत मातीत टाकत होत्या. ऋषिकेशचा हात मात्र चांगला निघाला. ओळीमागून ओळ तो सफाईनं करत गेला आणि बाकीच्यांच्या ओळीत किती दाणे सुटले ते मोठ्यानं सांगत गेला.

बापूजींना खाली बसवेना, म्हणून ते खुर्चीवरूनच वाकून फाटकाजवळचे वेचत होते. "पंचेचाळीस वर्षं खत फेकलं," ते म्हणाले. "उचलून आजच राहिलो."

रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं काय हरवलं विचारलं. कानातलं, सिस्टरनी सांगितलं. ती बाई पण आत येऊन शोधायला लागणार होती, तिला मोठ्या मुश्किलीनं परतवलं.

दुपारपर्यंत पाच वाट्यांचं मिळून एक ग्लासभर खत निघालं. मग पाइप लावला, धार मातीवर पडू न देता बारीक फवाऱ्यानं, अर्धा तास, थांबून पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या दिवशी तेच. जळालेली पानं जयानं कात्रीनं एकेक कापली. फाटकाजवळ, जिथं बापूजींची पहिली मूठ मोकळी झाली होती, तिथं चार पराती मावतील एवढं टक्कल पडलं. बाकीचं जगलं. आठवड्यानं नवी पानं फुटली, आणि अशी फुटली की जया ऋषिकेशला फोटो काढायला लावायची आणि मग तो फोटो त्यालाच पाठवायला सांगायची.

त्या दिवसांत घरात एक चमत्कारिक गोष्ट झाली. सुमंत कचेरीतून आला की चहाच्या आधी मातीशी जायला लागला. बापूजींची खुर्ची रस्त्याकडून वळून मातीकडं झाली. ऋषिकेश खिडकीतून कुत्र्यांऐवजी सांबाराकडं बघायचा. फाटक उघडलं की तिघं एकदम विचारायचे, कोणी काही टाकलं तं नाही?

जानेवारीचा पहिला रविवार उजाडला. खानदान अकराला येणार होतं. नऊला जयानं सगळा सांबार कापला, निवडला, धुतला, फडक्यावर पसरून कोरडा केला आणि काट्यावर चढवला. सगळे भोवती उभे होते. सिस्टरसुद्धा.

सव्वाचार किलो.

जयानं पाटी उतरवली, हलवून पुन्हा ठेवली. सव्वाचारच. तिनं हात पुसले आणि ऋषिकेशला म्हणाली, "बाजारातून एक किलो घेऊन ये. आणि गट्टूवाल्याले फोन लावून दे. मी हरली." तिचा आवाज अगदी रोजचा होता, दूध आणायला सांगावं तसा. पण ती मातीकडं बघत नव्हती.

ऋषिकेश हलला नाही. सुमंतनं घसा खाकरला. अट त्यानंच घातली होती आणि ती मोडायला त्याला तोंड नव्हतं. तो बापूजींकडं बघायला लागला. बापूजी गावात वीस वर्षं पंच होते, धुऱ्यावरून डोकी फुटली की लोक त्यांच्याकडं यायचे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. ते काठी टेकत त्या टकलापाशी गेले, काठीनं त्याचा घेर मोजला आणि तिथूनच बोलले.

"इथं पाऊण किलो आला असता का नाही?"

आला असता, सिस्टर म्हणाल्या.

"हे जाळलं कोणं? म्या. आणि तुह्या नवऱ्यानं. दुसऱ्याच्या वावरात घुसून पीक नासवलं तं भरपाई नासवणारा देते, पेरणारा नाही देत. पाच किलो भरले. माती सूनबाईची."

जयानं मान वर केली नाही. पण ती एकदम उठली, आत गेली, आणि आतून कढई आपटल्याचा, मग डबे उघडल्याचा, मग काहीतरी गुणगुणल्याचा आवाज यायला लागला. खोबरं, खसखस, तीळ, लसूण, मिरची, आणि त्यात तो सांबार. ती पारी लाटत होती की नाचत होती, हे दारातून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. पहिली वडी तेलात पडली तेव्हा वास फाटकाबाहेर गेला आणि कुत्री गाडीवरून उतरून रांगेत बसली.

गाडीचा प्रश्न राहिलाच होता. तो सिस्टरनी सोडवला. त्यांच्याकडं गट्टू होते आणि वाहन नव्हतं, गाडी त्यांच्या आवारात उभी राहू शकत होती, कुत्र्यांना तिथं फाटकाची जाळी होती. मात्र भाडं म्हणून त्यांना या मातीत एक ओळ हवी होती. लसणाची.

सिस्टरना ओळ मिळते म्हटल्यावर बापूजी म्हणाले की त्या टकलाची जागा आपली, तिथं मिरची लावू. सुमंत म्हणाला की मग पायरीकडची बाजू माझी, मी वांगी लावतो. ऋषिकेशनं दोन फूट मागितले आणि काय लावणार ते सांगेना. जया कढईवरूनच सगळ्यांना हो म्हणत गेली. खताला कोणी हात लावणार नाही, एवढीच तिची अट होती, आणि ती सगळ्यांनी इतक्या लवकर मान्य केली की तिला संशय आला.

पाहुणे आले तेव्हा घोरमाऱ्यांचे तीन पुरुष दोऱ्या आणि खुंट्या घेऊन जमिनीची वाटणी करत होते. चिखलात पाय घालणार नाही म्हणालेला सुमंत इस्त्रीच्या सदऱ्यासकट पोटावर पडून एक डोळा मिटून दोरी सरळ आहे का बघत होता. बापूजी म्हणत होते की खुंटी चार बोटं त्यांच्या वावरात आली आहे. सुमंत म्हणत होता की आली नाही. थोरल्या जाऊबाईंनी चपला काढता काढता विचारलं, हे काय चालू आहे.

"शेतीचा वाद आहे," जया म्हणाली. "दोन पिढ्या तरी चालन. तुम्ही हात धुवा."

वड्या गरम होत्या आणि पुरुष काही उठेनात. शेवटी तिनं कढीची वाटी आणि वड्यांचं ताट तिथंच नेऊन त्यांच्या मधोमध, दोरीवर ठेवलं. बापूजींनी एक वडी उचलली, फुंकर मारली, अर्धी तोंडात घातली आणि काठीच्या टोकानं ताट सुमंतकडं चार बोटं सरकवलं. माह्या हद्दीत आलं होतं, ते म्हणाले.